समोरच्या माणसाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येते, ती मी नव्हे. माझ्यासाठी आजवर कोणीही भांडलेले नाही. लोक भांडले ते माझ्यावर बसून.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडापासून झाला. माझा पुढचा डावा पाय कणभर आखूड राहिला. सुताराच्या बायकोने ते दाखवून दिले, तेव्हा तो म्हणाला, "कोणी बसलं की बसेल बरोबर." तो पाय अजून बरोबर बसलेला नाही. पण त्यामुळे मला एक विद्या आली. ज्याचा स्वतःचा तोल सारखा जातो, त्याला दुसऱ्याचा तोल चटकन कळतो.

मला विकत घेतले एका डिझायनर बाईने. ऑफिसातली नोकरी सोडून ती नुकतीच स्वतंत्र झाली होती. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांची खोकी, औषधांच्या बाटल्यांवरची लेबले, असली कामे ती करून देई. तिची थोरली बहीण या व्यवसायाला "घरी बसणं" म्हणत असे. भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल होते. टेबलाच्या अलीकडे तिची चाकांची खुर्ची आणि पलीकडे मी. मी समोरच्या माणसाची खुर्ची. ती स्वतः माझ्यावर कधी बसली नाही.

तिची एक पद्धत होती. काम ठरले की ती दोन पानांचा करार पुढे ठेवी आणि समोरच्याला तो मोठ्याने वाचायला लावी.

"मनात वाचतो ना," लोक म्हणत.

"मनात वाचलेलं मनातच राहतं. मोठ्याने वाचा."

मग चांगली पोट सुटलेली माणसे वर्गात उभे केल्यासारखी वाचत: पहिल्या मसुद्यानंतर तीन दुरुस्त्या करून मिळतील, चौथीपासून ते नवीन काम समजले जाईल, मंजुरी सही करणाराच देईल. वाचताना सगळे एकाच जागी अडखळत. "दुरुस्ती म्हणजे नेमकं काय धरायचं?" हा प्रश्न तिथेच निघे, भांडण तिथेच होई आणि काम सुरू होण्याआधी मिटूनही जाई. लग्नाआधीच कडाकडा भांडून घेतलेल्या जोडप्यासारखे पुढचे सगळे सुरळीत चाले.

अगदीच सुरळीत नाही म्हणा. एक गृहस्थ म्हणाले, "छान आहे, पण जरा उठावदार करा."

"उठावदार म्हणजे मोठं, जाड की लाल?"

"म्हणजे... उठावदार."

दुसरे म्हणाले, "मला आवडलंय हो. पण मेहुण्याला दाखवलं."

मेहुणा नावाच्या त्या इसमाला मी कधी पाहिले नाही, पण जगातली निम्मी चित्रे त्याने बिघडवली आहेत. अशा वेळी ती कराराचे दुसरे पान उघडी.

"हे वाचा. मंजुरी कोण देणार?"

"मी."

"मेहुण्यांची सही आहे इथे?"

"नाही."

"चहा घेणार?"

मित्रांनो, या काळात मी माणसे ओळखायला शिकले. ज्याला पटलेले नसते तो माझ्या पुढच्या कडेवर बसतो आणि माझा आखूड पाय जमिनीला टेकतो. पटले की तो मागे रेलतो आणि तो पाय अधांतरी उचलला जातो. तोंडाने मग तो काहीही म्हणो. ती चित्रे बघून सांगे, मी पाय बघून. माझे कधी चुकले नाही. मला विचारले मात्र कोणी नाही.

पुढे कामे फोनवर येऊ लागली. करारही फोनवरून जाई आणि उलट टपाली एक अंगठा येई. पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते अंगठा देत. आता ज्यांना वाचता येते ते न वाचता देतात. अर्थात भांडणे वाढली. मेहुण्यांची तर चंगळ झाली, कारण त्यांना आता जागेवरून हलायचीही गरज उरली नाही. आणि माझ्यावर कोणी बसेना.

रिकाम्या खुर्चीवर आधी एक ओढणी येते. मग एक स्वेटर. मग इस्त्रीचे कपडे, आणि इस्त्रीला जायचे कपडे. माणसाला खाली बसवायचे तर "बसा" म्हणावे लागते, कपड्यांना काही म्हणावे लागत नाही. दिवसचे दिवस त्या खोलीत दुसरा आवाज नसे. ती एकटीच जेवे, फोन उपडा ठेवून. तो वाजला की दचके आणि न वाजला की उलटा करून बघे.

मग तिने एक गोष्ट सुरू केली. फोन करण्याआधी ती कपड्यांच्या ढिगाकडे बघून बोलायचा सराव करू लागली. "साहेब, या तीन दुरुस्त्या झाल्या. आता जे सांगताय ते नवीन काम आहे. आपण करार केलाय." किती ठाम बोले! मला तर धाक बसे. मग फोन लागे आणि ती म्हणे, "नाही नाही, हरकत कसली त्यात? करून देते की." फोन ठेवून ती माझ्याकडे बघत नसे. तिच्या तोंडची सगळी शूर वाक्ये अशी मला आणि माझ्यावरच्या स्वेटरला ऐकायला मिळाली. आम्हा दोघांनाही त्यांचा काही उपयोग नव्हता.

अशातच एका गुरुवारी सकाळी चष्मेवाले काका आले. गल्लीच्या टोकाला त्यांचे चष्म्यांचे दुकान होते आणि त्यांना नवी पाटी हवी होती. "फोनवर मला रंग कळत नाहीत," ते दारातूनच म्हणाले. "आणि माणूसही कळत नाही." तिची धांदल उडाली. तिने कपड्यांचा ढीग कवेत घेऊन आतल्या पलंगावर टाकला आणि माझ्यावर फडके मारले. मित्रांनो, त्या फडक्याची आठवण अजून माझ्या पाठीत आहे.

काकांनी करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचला. मधे एकदा चष्मा बदलला. संपल्यावर जरा खट्टू झाले. "एवढाच?"

पुढच्या गुरुवारी पहिला मसुदा दाखवला. काका कडेवर सरकले. माझा पाय टेकला.

"अक्षरं बारीक आहेत, मॅडम. चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचायलाच चष्मा लागला, तर गिऱ्हाईक आत येणार कसं?"

"आणि चष्म्याशिवाय वाचता आली, तर येईल कशाला?"

काका इतके हसले की मी हलले. तिने अक्षरे जाड केली. ही पहिली दुरुस्ती. ती दाखवली तेव्हा काकांनी खूप वेळ पाहिले आणि ते सावकाश मागे रेलले. माझा पाय उचलला गेला. झाले, मी म्हटले, पटले.

"निळा काही पटत नाही," काका म्हणाले.

माझ्या इतक्या वर्षांच्या विद्येला हा पहिलाच धक्का. तिने हिरवा केला. काका आणखी मागे रेलून म्हणाले, "नाही हो, निळाच बरा होता." निळा परत आला. तिन्ही दुरुस्त्या संपल्या, पण काका गुरुवारी येतच राहिले. कधी टिंब गोल हवे, कधी चौकट नको. दर वेळी मागे रेलून, आरामात, "पटत नाही" म्हणत.

एकदा चहा पिता पिता म्हणाले, "आमची ही होती तोवर दुकान बंद करून घरी गेलं की भांडण तयार असायचं. वाफाळतं! आता मी म्हणेन ती पूर्व दिशा. नाही म्हणायलाच कोणी नाही."

"दुकानात येतात की लोक," ती म्हणाली.

"येतात. एकच स्टूल आहे. डोळे तपासतात, उठतात. या एकदा. तुम्हाला मात्र उभं राहावं लागेल."

ती कधी गेली नाही. पण गुरुवारी सकाळी कपडे आपोआप पलंगावर जाऊ लागले आणि टेबलावर दोन कप दिसू लागले.

इकडे दुकानावरची जुनी पाटी उतरवून झाली होती. रंगारी खोळंबला होता. दुसरी कामे तुंबली होती. थोरली बहीण आली आणि सगळे ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"तीन दुरुस्त्या असं लिहिलंय कोणी? तूच ना? अगं, तो म्हातारा तुला खेळवतोय!"

"काका एकटे असतात गं, ताई."

"आणि तू काय मोठी गोतावळ्यात राहतेस? स्पष्ट सांग त्यांना. तुला नाही म्हणता आलं नाही ना, तर हा धंदा सोड. आणि ही डुगडुगती खुर्ची टाकून दे आधी. इथे छोटं कपाट मावेल."

बुधवारी तिने माझ्यासमोर सराव केला. तेच वाक्य. मी निर्धास्त होते, कारण ते वाक्य घराबाहेर पडत नाही हे मला माहीत होते.

गुरुवारी काका मागे रेलले आणि म्हणाले, "चौकटीचा कोपरा काही पटत—"

"काका, करारात तीन दुरुस्त्या होत्या. त्या कधीच झाल्यात. आता एकतर मंजुरी द्या, नाहीतर नवीन काम ठरवू."

आवाज अजिबात थरथरला नाही. माझ्यावरच तयार झालेले वाक्य ते.

काका हळूच पुढे सरकले. माझा पाय टेकला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वाचलं होतं मी. मोठ्याने." त्यांनी मंजुरीची सही केली, चष्मा खिशात ठेवला आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "तशी पाटी पहिल्या दुरुस्तीलाच झाली होती."

ती कराराची पाने जुळवत राहिली. बोलायचा सराव तेवढ्याच वाक्याचा झाला होता.

बहीण फोनवर म्हणाली, "शाब्बास!" करार जिंकला होता. पाटी लागली. फोनवरच्या लोकांनाही ती आता नाही म्हणू लागली, आणि गंमत म्हणजे ते ऐकूही लागले. सगळे कसे व्यवस्थित झाले. पुढच्या गुरुवारी तिने कपडे उचलून पलंगावर टाकले, माझ्यावर फडके मारले, दोन कप काढले आणि मग एक परत ठेवला. दुपारी कपडे परत आले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसेच. मित्रांनो, ओझ्याने खुर्ची मोडत नाही. फडके मारून घेतल्यावर कोणी आले नाही तर मात्र कुठेतरी खिळा ढिला होतो.

मग एका गुरुवारी तिने कपडे उचलले आणि मलाही उचलले. ताईचे कपाट आले वाटते, मी म्हटले. तिने मला उलटी करून डोक्यावर धरले आणि जिना उतरली. गल्लीत लोक वळून बघत होते. भंगाराचे दुकान डावीकडे आहे हे मी ऐकून होते, पण ती सरळ चालत राहिली. गल्लीच्या टोकाला एक निळी पाटी मला उलटी दिसली. अक्षरे जाड होती. उलटीसुद्धा वाचता आली.

दुकान अर्धे उघडे होते. गुरुवारची सुट्टी असून काका आत एकटेच काचा पुसत बसले होते. ते उठून उभे राहिले.

"काय मॅडम? दुरुस्ती राहिली का काही?"

"नाही. काम संपलं."

"मग ही खुर्ची?"

"तुमच्याकडे उभं राहावं लागतं असं ऐकलं होतं."

तिने मला स्टुलासमोर ठेवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर बसली. आधी अगदी कडेवर. माझा पाय टेकला. काका काच पुसायचे थांबले होते. रस्त्यावरून एक सायकल गेली.

मित्रांनो, करार जरूर करा. मोठ्याने वाचा, आणि नाही म्हणायचे तिथे नाही म्हणा. पण तुमच्यासमोरच्या खुर्चीवर कपडे टाकू नका. तिथे कोणीतरी बसू द्या. दोन पानांत भांडण कसे मिटवायचे ते लिहिता येते, भांडायला माणूस कुठून आणायचा ते लिहिता येत नाही.

ती सावकाश मागे रेलली. माझा पाय उचलला गेला. दारातून वर, पाटीकडे बघत ती म्हणाली, "काका, तो निळा काही मला पटत नाही."