लांबवलेली तपासणी

डॉक्टरांची चिठ्ठी धम्मपालच्या पाकिटात चार दिवस तशीच होती. अंबडच्या कारखान्यात मशीनसमोर उभं असतानाही त्याचा हात सारखा पाकिटाकडे जायचा. बायकोने, पायलने, विचारलं तेव्हा त्याने लॅब बंद होती असं सांगून वेळ मारून नेली होती. सात वर्षांच्या संसारात तो तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

सोमवारी दोघं दीड महिन्याच्या मुलीला लस द्यायला दवाखान्यात गेले होते. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा संघर्षही बरोबर होता. त्याला अजून बोलता येत नव्हतं, मधूनमधून झटके यायचे. पायलने गरोदरपणात नोकरी सोडली नाही म्हणून मूल असं झालं, हे धम्मपालच्या आईचं, मालनबाईंचं, ठाम मत होतं. डॉक्टरबाईंनी मात्र संघर्षचे पिंगट केस पाहिले, त्याच्या लघवीला कुबट वास येतो का ते विचारलं आणि दोन्ही मुलांची लघवी तपासायला सांगितली. आजार आनुवंशिक असेल तर बाळालाही असू शकतो, उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं.

मालनबाईंनी त्याच संध्याकाळी मुलाला बाजूला घेतलं. रविवारी सिन्नरचे पाहुणे त्याच्या धाकट्या बहिणीला, मनालीला, पाहायला येणार होते.

"आठ दिवस थांब," त्या म्हणाल्या. "घरात आजार हाय असं एकदा बाहेर गेलं, तर पोरीला कोण करून घेईल? बाळ तर चांगलं दूध पितंय."

धम्मपालला ते पटलं नव्हतं. पण आईला नाही म्हणणंही त्याला जमलं नाही. कामावरून आला की तो बाळाचे कपडे हुंगून बघायचा. शुक्रवारी ओल्या दुपट्याला त्याला तोच कुबट वास आला. भास असेल, असं म्हणून त्याने दुपटं पुन्हा नाकाशी धरलं. वास खरा होता!

मनाली दारात उभी होती. तिने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

"दादा, माझ्या लग्नासाठी थांबलास, पण मला विचारलंस का?" ती म्हणाली. "संघर्षच्या वेळी आपल्याला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उद्या हीसुद्धा बोलली नाही, तर वहिनीला काय सांगणार आहेस?"

धम्मपाल उठला आणि पायलला खरं काय ते सांगितलं. तिने बाळाला उचललं, संघर्षचा हात धरला, चपला घातल्या आणि थेट लॅबची वाट धरली.

रविवारी पाहुण्यांना मनालीने स्वतःच तपासणीबद्दल सांगितलं. कळवतो म्हणून ते गेले. त्यांनी कळवलं नाही.

दोन्ही मुलांच्या लघवीत दोष निघाला, रक्ताच्या तपासणीने तो पक्का झाला. दूध, डाळी, अंडी यांतला एक घटक या मुलांच्या शरीरात पचत नाही, तो साठून मेंदूला इजा करतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. त्यावर उपाय खास दुधाची पावडर आणि मोजून दिलेला आहार.

"म्हणजे आईच्या नोकरीमुळं नाय?" मालनबाईंनी विचारलं.

"नाही. आई आणि वडील, दोघांकडून येतं. दोघंही धडधाकट असतात, त्यांना ठाऊकही नसतं. यात कुणाचाच अपराध नाही."

धम्मपालने वाया घालवलेल्या दिवसांबद्दल विचारलं. "त्याचा हिशेब मला सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजचा दिवस घालवू नका."

घरी आल्यावर मालनबाई सुनेजवळ बसल्या. "पाच वर्षं तुला बोल लावला. चुकलं माझं." पायलला रडू आवरेना.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. घरभर दुडुदुडु धावते, संघर्षला "दादा" म्हणते. संघर्षचे झटके कमी झालेत, पण गेलेली वर्षं परत येणार नाहीत. कॉलनीत कुणाकडे बाळ जन्मलं की मालनबाई स्वतः जातात आणि बाळाची तपासणी केली का, असं विचारतात.

आजार लपवल्याने घराचं नाव राहत नाही. लेकराचं आयुष्य मात्र जातं. डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल, तर मंडळी, लोक काय म्हणतील याची वाट पाहू नका. बाळाला तेवढा वेळ नसतो.