चौकावरचे पाऊल

बेलवलीच्या आगरी वस्तीत चाळीस वर्षे मोतीबाईंच्या धवल्यांवाचून एकही लग्न लागले नव्हते. त्या धवलारीण होत्या. हळदीला तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा आणि त्याभोवती फिरत लग्नाचे धवले गायचे, हे व्रत त्यांनी आपल्या सासूकडून घेतले होते. तीन वर्षांपूर्वी कंपवाताने त्यांना गाठले. आधी हात थरथरू लागले, मग आवाज मंदावला, आणि अखेरीस पावलांनीच असहकार पुकारला. उंबऱ्याशी किंवा कोणत्याही अरुंद वाटेशी पावले खिळून राहत. आता वैशाखात नात नूतन हिचे लग्न होते. आपल्या पायांनी तिच्या मांडवात शिरावे आणि चौकाचा फेरा पुरा करावा, एवढीच मोतीबाईंची इच्छा उरली होती.

त्यासाठी त्यांचे यजमान चंदर त्यांना आठवड्यातून तीनदा रिक्षाने कात्रपला, जिज्ञासा नावाच्या तरुण फिजिओथेरपिस्टकडे नेत. तेथील उपचार चंदर यांना प्रथम निव्वळ पोरखेळ वाटला होता. भिंतीवर मोठा पडदा, जमिनीवर चौकोनांची चटई. पडद्यावर जो चौकोन उजळेल त्यावर पाऊल टाकावे, की घंटा वाजे आणि गुण मिळत. पण मोतीबाई पंधरवड्यातच बारा गुणांवरून एकेचाळीसवर पोहोचल्या, आणि बाकावर बसून पाहणाऱ्या चंदर यांच्या मनातला उपहास ओसरला. सत्तरीतली बाई घामाने निथळत, पडद्यावरची नजर न ढळवता पावलामागून पाऊल टाकीत होती. एखाद्या अनुष्ठानाला बसल्यासारखी तिची एकाग्रता पाहून ते आपसूक ताठ बसत.

तिसऱ्या आठवड्यात जिज्ञासाने मोठ्या हौसेने खेळाचे रूप पालटले. कोऱ्या चौकोनांच्या जागी तिने पडद्यावर पांढऱ्या रांगोळीचे चौक आणले, आणि तशाच नक्षीची नवी चटई अंथरली. आजींना घरच्यासारखे वाटावे, हाच तिचा हेतू.

त्या दिवशी गुण आले शून्य. पुढच्या खेपेसही शून्य. मोतीबाई चौकाशी येत, थबकत आणि चटईबाहेरच उभ्या राहत. जिज्ञासा चिंतावली. आजार पुढे सरकलेला दिसतो, डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि लग्नात आजींना चाकांच्या खुर्चीतून नेलेले बरे, असे तिने चंदर यांना बाजूला घेऊन सांगितले. खुर्चीतली धवलारीण चंदर यांना कल्पनेतही पाहवेना.

परतताना मात्र त्यांच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. आजाराने अडलेले पाऊल जमिनीला चिकटते, उचलतच नाही. आज ते उचलले गेले होते, आणि चटई टाळून अलगद कोऱ्या फरशीवर टेकले होते. घरी पाण्याचा तांब्या पुढे ठेवून त्यांनी विचारले, "मोते, खरा सांग गो. पाय उचलत नव्हता, का तूच ठेवीत नव्हतीस?"

मोतीबाई क्षीण स्वरात म्हणाल्या, "चौकाव पाय कोन देतं?"

"मग पोरीला सांगाचा ना."

"तिनं हौसेनं काढला. तिचा मन कसा मोडू?"

चंदर पाहतच राहिले. स्वतःचे चालणे पणाला लागले असताना ही बाई एका परक्या मुलीचे मन जपत होती, आणि शून्य गुण मुकाट्याने पदरात घेत होती.

जिज्ञासाला हे कळले तेव्हा तिने दोन्ही कान पकडले. तोडगा मोतीबाईंनीच सुचवला: चौकावर पाय देववत नाही, पण पिठाची रेघ ओलांडायला हरकत नाही. जिज्ञासाचे डोळे चमकले. अडलेल्या पावलांना जमिनीवरच्या आडव्या रेघा पुष्कळदा वाट दाखवतात, हे ती शिकली होती. दोन दिवसांत पडद्यावर आणि चटईवर रेघा आल्या, आणि आठवडा सरण्यापूर्वी त्रेपन्न गुण झाले.

हळदीच्या दिवशी शेजारणींनी मोतीबाईंच्या सांगण्याबरहुकूम चौक भरला. मोतीबाई मांडवाच्या दोन केळखांबांमधल्या अरुंद वाटेशी आल्या, आणि पावले खिळली. मागे बायकांची रांग थांबली. कोणीतरी खुर्ची पुढे केली. पाटावर बसलेली नूतन उठू लागली, तिला मोतीबाईंनी नजरेनेच बसवले.

चंदर यांनी शेजारणीच्या हातातली पिठाची वाटी घेतली. त्या पिठाला पुरुषाने हात लावल्याचे वस्तीत कोणी पाहिले नव्हते. गुडघे टेकून त्यांनी बायकोच्या पावलांपुढे एकामागून एक पाच रेघा ओढल्या.

मोतीबाईंनी रेघांकडे निरखून पाहिले. "वाकड्या आल्यान," त्या म्हणाल्या.

"तू वलांड."

पहिली रेघ ओलांडायला वेळ लागला. दुसरी सोपी गेली. पाचवी ओलांडून मोतीबाई चौकाशी पोहोचल्या, पदर सावरून त्याच्या कडेने उजवीकडे वळल्या आणि गाऊ लागल्या. आवाज इतका बारीक होता की सगळ्या बायका पुढे झुकल्या. त्यांच्यात उभ्या असलेल्या जिज्ञासाने, चौकाला लागू नये म्हणून आपले पाऊल हळूच मागे घेतले. फेरा पुरा होईपर्यंत चंदर तिथेच, पिठाने माखलेले हात तसेच धरून, गुडघ्यांवर बसून होते.