ओशन रीगलचा यजमान

रविवारी जेवायला बसलं की डिनुन्झिओंच्या घरी एकच विषय निघायचा. बंद पडलेलं हॉटेल पुन्हा कधी उघडणार?

"वसंतात नक्की," कारमाइन म्हणायचा.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास," त्याची बायको फिलोमिना म्हणायची. "दुसरं काम बघ आता."

"अगं, बडे बडे लोक माझ्याशी हात मिळवायला थांबायचे."

"तुझ्यासाठी नाही, फुकटच्या खोलीसाठी थांबायचे."

ओशन रीगल हे कॅसिनोचं हॉटेल उभं राहिलं तेव्हा आमच्या ॲटलांटिक सिटीला सुगीचे दिवस आले होते. फिलाडेल्फियाहून बसगाड्या भरभरून येत. घरटी एक तरी माणूस तिथे नोकरीला लागला. समुद्रकाठचं हॉटेल, पण जुगाराच्या मजल्यावर एकही खिडकी नव्हती. जेवण आतच आणि फुकट, मग बाहेर कोण येणार? गावातल्या खानावळी एकेक करून बंद पडल्या. त्यात फिलोमिनाच्या वडिलांचीही गेली. पगार वेळेवर होत होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पुढे शेजारच्या राज्यांतही कॅसिनो निघाले, बसगाड्या रोडावल्या आणि एका सकाळी कामगार आले तर दारांना साखळ्या लागलेल्या.

कारमाइन तिथे यजमान होता. हरून थकलेलं गिऱ्हाईक यायचं थांबलं, की त्याला फोन करायचा, गोड बोलायचं, खोली आणि जेवण देऊ करून परत आणायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता त्याच जागेवर नवा कॅसिनो बांधायला एक कंपनी आली होती. नगरपालिकेच्या सुनावणीत जुन्या कामगारांतर्फे कारमाइन बोलणार होता. त्या सकाळी भाषण मनात घोळवत तो समुद्राकाठी फिरत होता, तेव्हा धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली. ते हॅरोल्ड स्टक्स होते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, कॅम्डन शहरातले. हॉटेलचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"स्टक्स साहेब! बरे दिसताय."

"बराच आहे. हॉटेल बंद झालं, म्हणून वाचलो."

"म्हणजे?"

"बायको गेल्यावर घर खायला उठायचं. तेव्हा तुझा फोन यायचा. पोटच्या पोरापेक्षा तू जास्त वेळा चौकशी करायचास. वाटायचं, याला आपली काळजी आहे. म्हणून यायचो. जुगारात घर गेलं, तरी येत होतो."

"तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत," कारमाइन म्हणाला.

"काय बोलणार? तू तुझी नोकरी करत होतास. पण एक सांग, मी यायचा थांबलो असतो, तर तुझ्या साहेबांना आनंद झाला असता का? गिऱ्हाइकाचं भलं झालं की ज्याचं नुकसान होतं, तो कसला धंदा?"

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. कारमाइन उठला. "मी कॅसिनोच्या बाजूने बोलायला आलो होतो," तो म्हणाला, "पण बोलवत नाही. एकटी माणसं हेरून त्यांना परत आणायचं काम मी करत होतो. नव्या हॉटेलातही कोणीतरी तेच करणार."

मागून कोणीतरी ओरडलं, "आमच्या पोराबाळांना काय खायला घालू?" प्रश्न खरा होता. "ते मलाही ठाऊक नाही," कारमाइनने कबूल केलं. नव्या कॅसिनोला बहुमताने परवानगी मिळाली. जुने सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले.

घरी परतताना, सभेला आलेल्या फिलोमिनाने त्याचा हात हातात घेतला. "माझे बाबा असते, तर त्यांनी आज तुला आपल्या खानावळीत जेवायला बोलावलं असतं," ती म्हणाली.

कारमाइन आता शहरातली छोटी बस चालवतो. दर आठवड्याला चर्चच्या तळघरात जुगार सोडू पाहणारे जमतात, त्यांच्यासाठी कॉफी करतो.

गावकरीहो, रोजगार हवा, यात वाद नाही. पण कोणाच्या तरी एकटेपणावर उभी राहिलेली भरभराट गावाची नसते. नवी इमारत आली की नोकऱ्या किती, हे आपण विचारतोच. त्या नोकऱ्यांत माणसाला काय करावं लागणार, हेही विचारायला शिकलं पाहिजे.