अनुमोदक

गौरजाने टेबलावर हात आपटला, पण नगरपंचायतीच्या सभागृहात हलला तो फक्त एका कपातला चहा.

“थांबा! विषय पुरता वाचून तरी होऊ दे.”

सभालिपिक ‘वाहनतळासाठी सार्वजनिक विहीर बुजवणे’ एवढंच म्हणाला होता, तोवर ‘मंजूर, मंजूर’ सुरूही झालं होतं. त्यात नवल नव्हतं. सगळं आदल्या संध्याकाळी नगराध्यक्षांच्या बंगल्यावर कोलंबी खाताना ठरायचं. इथे यायचं ते माना डोलवायला. गौरजाला बंगल्यावर बोलावणं नसे. पहिल्यांदाच निवडून आलेली बाई, तीही अपक्ष. तिला कोण विचारतो!

पण विहीर तिच्या वॉर्डातली होती. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की सगळी वाडी तिच्यावर जगायची. वाडीतल्या बायका आज मागच्या बाकांवर येऊन बसल्या होत्या.

“टुरिस्टांच्यो गाड्यो लावूक आमची बाव बुजवतलास?” त्यांच्यातली नर्मदाकाकी ओरडली. “मे म्हयन्यात पाणी खंयसून हाडूचा आमी?”

“प्रेक्षकांनी शांतता राखावी,” नगराध्यक्ष भिकाजीराव म्हणाले.

“माझी उपसूचना आहे.” गौरजा उभी राहिली. “विहीर बुजवू नये. वाहनतळ दुसरीकडे करावा.”

“अनुमोदक कोण?” भिकाजीरावांनी हसत विचारलं. दुसऱ्या सदस्याने अनुमोदन दिलं नाही तर उपसूचना तिथेच पडते, मतालासुद्धा टाकत नाहीत. त्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी मोबाइलमध्ये. पक्षाच्या प्रचाराला वाडीत आली तेव्हा याच विहिरीचं पाणी प्यायलेली माणसं ही! एकेकाला धरून गदागदा हलवावं असं गौरजाला वाटलं.

“अनुमोदन.”

आवाज विश्रामकाकांचा होता. सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. सभा सुरू झाली की त्यांचा डोळा लागायचा, आणि ‘अनुमोदक’ हा शब्द कानावर पडला की झोपेतच ते ‘अनुमोदन’ म्हणून टाकायचे. एकच हशा पिकला. गौरजाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. वाडीच्या पाण्याचीसुद्धा यांनी चेष्टा करून टाकली.

“विश्रामकाका,” भिकाजीराव ऑफिसातली मराठी विसरले, “तुमचो डोळो लागललो. अनुमोदन मागे घेवा.”

विश्रामकाकांनी चष्मा पुसून लावला आणि मागच्या बाकांकडे पाहिलं.

“डोळो आधीच्या विषयांक लागललो,” ते म्हणाले. “ह्या विषयाक मी जागो आसंय.”

हसणं थांबलं. लिपिकाने मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आता मतदान घ्यावंच लागणार होतं.

“उपसूचनेच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत,” भिकाजीराव पुटपुटले.

सदस्य एकमेकांकडे बघत राहिले. हात वर करायचा की खाली ठेवायचा, हे काल बंगल्यावर ठरलंच नव्हतं. मागे नर्मदाकाकी उभी राहिली आणि एकेकाचं तोंड बघू लागली.