पुढचा ब्रेक

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तोरणमाळच्या उतारावर ओल्यात सायकल चालवणारी आमच्या शहादा तालुक्यात एकच बाई आहे, आणि ती मी. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. शाळेत पीटी शिकवते मी, दिवसभर शिट्टी फुंकून घसा आणि स्वभाव दोन्ही कडक झालेत. हळू बोलणं मला जमत नाही.

डोंगरातली सायकल म्हटलं की लोक डिसेंबरची वाट बघतात. नाशिककडून पोरं येतात, वाट कोरडी असते, फोटो छान निघतात. मला विचाराल तर कोरड्या वाटेवर कुणीही उतरेल. खरी वाट दिसते ती ऑक्टोबरात. परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, दगडावर शेवाळ धरलेलं असतं, सागाची पानं कुजून चिखलात मिसळलेली असतात. तेव्हा सगळे सायकली धुऊन भिंतीला टेकवतात आणि माझे हात शिवशिवायला लागतात.

मागच्या वर्षी अशाच दिवसांत मी पडले. वाटेत एक मोठा काळा दगड आहे. तो पुढे आलेला असतो, त्याच्यावरून चाक टाकलं की खाली कमरेइतकी उडी, आणि लगेच डावीकडे वळण, नाहीतर सरळ नाल्यात. आम्ही त्याला 'नाक' म्हणतो. त्या नाकावरून मी नाल्यात गेले आणि खांद्याचं हाड मोडलं. ब्राह्मणपुरीत आमच्या घरी त्यावरून जे काही झालं ते विचारू नका. माझे पती भाग्येश गप्प राहिले, कारण गप्प राहण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बोलल्या त्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिकुबाई.

"सायकल इकी टाक," त्या म्हणाल्या. "बस झायं."

मी म्हणाले, "विकणार नाही."

मग वर्षभर आमचं थंड युद्ध. जेवायला वाढायच्या, पण सायकल ओसरीवर दिसली की तोंड फिरवायच्या. आणि त्यांचा एक ठरलेला उपदेश. माझ्यासकट गावातल्या प्रत्येक सायकलवाल्याला तो ऐकवलेला. "पुढला बिरेक दाबू नको वं, तोंडवर पडशी." मी कितीदा सांगितलं, आत्याबाई, उतारावर गाडी थांबते ती पुढच्या ब्रेकनेच, मागचा नुसता चाक घसरवतो. त्या मान हलवायच्या. मान हलवली म्हणजे पटलं असं नाही, हे आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला कळतं.

या वर्षी नवरात्रात त्यांनीच विषय काढला. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "येक डाव मी सोता देखसू. जठे पडनी तठेच. ओलं शे तवयच. मंग ठरावसू, सायकल ऱ्हाई का जाई."

बघा म्हातारीचं डोकं! कोरड्यात दाखवते म्हणाले असते तर चाललं नसतं. जिथे पडलीस तिथेच आणि तेव्हासारख्याच चिखलात. मी म्हणाले, "ठरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी." मनात मात्र लख्ख ठाऊक होतं की आत्याबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. तिथे मी अडखळले तर सायकल घरातून जाणार, आणि भाग्येशही मला वाचवणार नाहीत.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. पहाटे उठून विळे, पेरणीची पाभर, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळं धुऊन अंगणात रांगेत लावतात. लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यानंतर गंज चढू नये म्हणून. मग कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. मी शाळेतल्या कार्यक्रमाला गेले होते. दुपारी परत आले आणि अंगणात पाय टाकला तो तिथेच थांबले.

ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांच्या मधे माझी सायकल उभी होती. धुतलेली, हॅण्डलला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. सातएक वर्षांत माझ्या सायकलीला त्या घरात कुणी पूजेला घेतलं नव्हतं. "कुणी केलं हे?" मी विचारलं. भाग्येश म्हणाले, "आईने. मला हातही लावू दिला नाही."

मी रडले. सांगायला लाज कसली? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी असताना ब्रेक कोण तपासतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भाग्येशच्या गाडीच्या टपावर माझी सायकल, सोबत मुजाहिद आणि त्याची सायकल. हा शहाद्याचा, भाग्येशचा वर्गमित्र, वडिलांचं सायकलींचं दुकान सांभाळतो आणि माझ्याबरोबर डोंगरात येणारा एकमेव शहाणा, म्हणजे वेडा. भाग्येशने आम्हाला वर तलावापाशी सोडलं आणि आत्याबाईंना घेऊन गाडी खाली वळवली. घाटाचा रस्ता त्या दगडाच्या जवळून जातो, तिथून पायी थोडं आत गेलं की नाक समोर. आत्याबाई छत्री आणि डब्यात भाकरी घेऊन बसणार होत्या, जणू सिनेमा बघायला.

रात्री पाऊस पडून गेला होता. तलावावर धुकं होतं, तेरडा फुललेला, वाटेवर खेकडे फिरत होते. मी सायकलवर बसले, दोन पेडल मारले आणि सवयीने पुढचा ब्रेक दाबला.

सायकल किंचाळली. म्हणजे अक्षरशः. आणि थांबली नाही.

पुन्हा दाबला. पुन्हा तसाच आवाज, आणि लिव्हर सगळी ताकद लावून दाबला तरी चाक आपलं निवांत फिरतंय. मुजाहिदने चाकाशी बसून डिस्कवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "भाभी, तेल शे याना वर. शेंगदाणानं तेल." मग त्याने बोट मला दाखवलं. बोट लाल झालेलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. डिस्क म्हणजे चाकाच्या मधली ती पातळ चकती, ब्रेकचे दोन पॅड तिलाच दोन्हीकडून पकडतात. चकचकीत लोखंड. आत्याबाईंना वाटलं, पावसात हिला गंज चढेल, म्हणून पाभरीसारखाच हिलाही तेलाचा हात फिरवला. वर तेलात कालवून कुंकवाची पाच बोटं, कारण ओल्या हवेत कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही. पूजा पुढच्या चाकाची, म्हणून सगळं पुढच्याच चकतीला. तेल पॅडमध्ये मुरलेलं. आणि एकदा मुरलं की पॅड गेला.

माझा पारा असा चढला की काय सांगू. क्षणभर वाटलं, मुद्दाम केलं की काय हिने! मग लगेच स्वतःचीच चीड आली. वर्षभर तोंड फिरवणाऱ्या बाईने एका सकाळी बसून माझी सायकल धुतली, तिला गंज लागू नये म्हणून जपलं. आणि मी काय विचार करतेय?

"भाभी, आज ऱ्हावू द्या," मुजाहिद म्हणाला. "खाली जाऊन सांगा, ब्रेक बिघडला."

"आणि कशाने बिघडला म्हणून विचारलं तर? तुमच्या कुंकवाने म्हणू?"

आत्याबाईंना मी ओळखते. आपल्या पूजेने सुनेचा ब्रेक गेला हे कळलं तर त्या जन्मात पुन्हा सायकलीला हात लावणार नाहीत. आणि बिघाड झाला म्हणून उतरलेच नाही, तर म्हणतील, बघ, तुझ्या सायकलीचा भरवसाच नाही. दोन्हीकडून सायकल जाणार.

"मागचा कोरडा आहे ना?" मी विचारलं.

मुजाहिदने पाहिलं. मागच्या चकतीला तेलाचा थेंबही नव्हता.

"मग मागचे पॅड काढ. पुढे लाव. पुढचे मागे."

"अरे, पण मग मागचा ब्रेक नसल्यासारखाच! घसरडं शे सगळं."

"मागचा नसेना का. उतारावर मला पुढचा लागतो. काढ म्हणते ना!"

मुजाहिदच्या जुन्या सायकलीचे ब्रेक रिमला धरणारे, ते कामाचे नव्हते; पण माझ्या दोन्हीकडचे पॅड सारख्याच मापाचे, हे माझं नशीब. हात साफ करायला सोबत ठेवलेल्या सॅनिटायझरने पुढची चकती पुसली, पुन्हा पुसली, कुंकवाचा कणही ठेवला नाही. मुजाहिदने तेलकट पॅड खरबरीत दगडावर घासून मागे बसवले. तलावाकाठी दोनचार फेऱ्या मारल्या. पुढचा ब्रेक एका बोटाने दाबला आणि चाक जागच्या जागी बसलं. मागचा नुसता कुरकुरत होता.

"चल," मी म्हणाले.

सुरुवातीची वाट मला पाठ आहे. मुरमाची लाल माती ओली झाली तरी पकड देते, आमच्या खालच्या काळ्या मातीसारखी चाकाला चिकटून बसत नाही. मी सीट खाली घेतली, टाचा खाली, वजन मागे. ओल्या मुळ्यांवर ब्रेकला हात लावायचा नाही, मुळ्या सरल्या की मातीवर लावायचा. पहिल्या दोन वळणांवर सवयीने मागचा दाबला आणि काहीच झालं नाही. मग ठरवलं, मागचा ब्रेक या सायकलीला नाहीच. त्यानंतर सोपं झालं. खरंच सांगते, मला मजा यायला लागली. मागून मुजाहिद ओरडत होता, "हळू, भाभी, हळू!" आणि मी हसत होते.

मग झाडं विरळ झाली आणि खाली नाक दिसलं. काळंभोर, पाण्याने चमकणारं. त्याच्या पलीकडे उंचवट्यावर छत्री.

मागच्या वर्षी मी नाल्याकडे बघितलं होतं आणि नाल्यात गेले होते. आपण जिकडे बघतो तिकडे सायकल जाते. आता नाल्याकडे बघायचं नव्हतं, आणि त्याहून जास्त छत्रीकडे बघायचं नव्हतं. मी डावीकडच्या वळणापलीकडे, एका सागाच्या बुंध्याकडे नजर लावली. दगडाच्या अलीकडे हातभर मुरमाची पट्टी आहे. ब्रेक लावायचा तो तिथेच. गेल्या वर्षी मी दगडावर लावला होता.

पट्टी आली. एका बोटाने पुढचा दाबला, सायकल आवरली, आणि चाक शेवाळावर जायच्या आत बोट सोडलं. मग नाकावर मी आणि सायकल, ब्रेक कुठलाच नाही. पुढचं चाक हवेत गेलं, गुडघे आपोआप वाकले, खाली चिखलात धप्प. मागचं चाक थोडं सरकलं, मी सरकू दिलं. वळण. बुंधा. पार.

थांबायला मात्र मला चढावर सायकल पळवावी लागली, त्या चिखलात वळता वळता नुसता पुढचा दाबला असता तर चाकच निसटलं असतं. भाग्येशने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. एवढा आवाज मी त्यांचा लग्नातही ऐकला नव्हता.

आत्याबाई उठल्या. छत्री मिटून हळूहळू खाली आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, शाबास. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. पुढच्या चाकाशी वाकल्या आणि चकती बघत राहिल्या. चिखलातूनही ती कोरी दिसत होती.

"मन्हं कुंकू पुसी टाकं तू?"

"पाण्याने गेलं असेल, आत्याबाई."

"हॅण्डलवरनं तं शे." खरंच, हॅण्डलवरची बोटं तशीच होती. त्या सरळ उभ्या राहिल्या. चेहरा असा झाला की बघवेना. "नको व्हतं तं सांगी देवानं. मी गावडी बाई, मन्हा हातनं बरं नही दिसत."

आणि त्या गाडीच्या दिशेने वळल्या. सगळं गेलं, असं मला वाटलं. दगड मी जिंकला आणि घरचं गेलं. मुजाहिद माझ्याकडे बघत होता. मला खोटं नीट बोलता येत नाही, तेवढंच एक येत नाही.

"आत्याबाई, थांबा!" मी शाळेच्या मैदानावर ओरडते तशी ओरडले. त्या थांबल्या. "कुंकू मला हवंच होतं. काल अंगणात रडले मी, विचारा भाग्येशला. पण त्या चकतीला ब्रेक पकडतो. तिला तेल लागलं की ब्रेक घसरतो. म्हणून पुसलं. नाइलाजाने पुसलं."

त्या परत आल्या. चकतीकडे बघितलं, माझ्या खांद्याकडे बघितलं, मग नाल्याकडे. "मंग मी तुले आज मारी टाकती?"

"तुमच्या तेलाने मी मरते होय!" मी त्यांचा हात धरला. "आम्ही मागचा ब्रेक काढून पुढे लावला. मागे आता नसल्यासारखाच आहे. आत्ता जे पाहिलंत ना, ते एकाच ब्रेकवर उतरले मी. ओल्यात, नाकावरून. आता तुम्हीच सांगा, दोन असताना पडेन का?"

त्यांनी मुजाहिदकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "खरं शे, मावशी. मन्हा जीव गयता."

"कोनता बिरेकवर उतरनी?"

"पुढच्याच."

"पुढला?"

"पुढलाच. तोच, तोंडवर पडशीवाला."

भाग्येश खोकले, पण ते हसू होतं. आत्याबाईंनी पदर खोचला, चिखलाची पर्वा न करता चाकापाशी बसल्या आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"मंग पुढला दसराले कोठे लावू? दाखाड."

मी त्यांच्या शेजारी चिखलात बसले. बोट धरून सायकलीच्या आडव्या दांडीवर टेकवलं, आणि इथे, म्हणाले.