ओल्या पायांची मिरवणूक

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं. संताची मिरवणूक अडवणाऱ्या एका भाविक बाईची गोष्ट सांगतो.

क्रोएशियात, या बाईच्या, म्हणजे बारित्साच्या, गिरणीमागून एक ओढा उतरतो आणि खाली कोराना नदीला मिळतो. त्यातल्या दगडांखाली आपली जुनी शेवंड राहायची. गोड्या पाण्यातली, तपकिरी, लाजाळू. नदीत मात्र अलीकडे अमेरिकेतून आणून सोडलेल्या शेवंडीचं राज्य. नांगीवर पांढरा ठिपका आणि अंगात बुरशीचा रोग. तिला स्वतःला सहसा काही होत नाही; आपलीला लागला की कुळाचं कूळ बुडतं. ओल्या जाळ्यावरून जातो तो, ओल्या पायांवरूनही जातो. शेजारचा ओढा असाच ओस पडला होता. इथे 'नदीतले ओले पाय ओढ्यात घालू नका' अशी सरकारी पाटी लागली, तर बारित्साच्या दिराने, यांद्रेने, ती काढून कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं.

संत रोक साथीच्या रोगांपासून राखणारा. त्याच्या ऑगस्टातल्या सणाला मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं आधी नदी तुडवतात, मग ओढा, आणि वरच्या देवळीत पोचतात. दोन्ही पाण्यांत पाय भिजले की वर्षभर दुखणं शिवत नाही, अशी श्रद्धा.

त्या वर्षी बारित्सा ओढ्याच्या उतारावर खुर्ची टाकून बसली.

"वहिनी, उठा आता. ऊन चढतंय," यांद्रे म्हणाला. पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर. नदीच्या पाण्याने विजार निथळत होती.

"भावजी, पुलावरून जा."

"संत काय बाजाराला निघालाय, पुलावरून जायला?"

"मग बूट काढा. चुलीवर कढत पाणी ठेवलंय, त्यात बुडवून घेते. पाय मी स्वतः पुसते एकेकाचे."

मागून कोणीतरी म्हणालं, "शेवंडींची सासू बसलीय बघा." हशा पिकला.

"हसा," बारित्सा म्हणाली. "साथीतून वाचवणाऱ्याला खांद्यावर घेतलंत, आणि पायांत साथ घेऊन आलात. हसा."

पाद्रीबुवांनी घाम पुसला. "बारित्सा, तुझी कळकळ कळते गं. पण परंपरा..."

"बुवा, परंपरेत अमेरिकन शेवंड होती का?"

बुवांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. त्यांचा एक शब्द पुरला असता; यांद्रेला त्यांचं मौन पुरलं.

"दादा असता तर तुमची ही थेरं चालली नसती."

"तुमचा दादा असता तर तुमच्या हातात दांडाच दिला नसता."

यांद्रेने खुर्ची लाथेने लोटली. बारित्सा चिखलात कोपरावर पडली. ज्यांचं धान्य ती वर्षानुवर्षं दळत आली, ती माणसं तिच्या झग्यावरून पाय उचलून, स्तोत्र म्हणत पाण्यात उतरली.

ऑगस्ट सरता सरता शेवंडी भर उन्हात बाहेर आल्या. अंधाराशिवाय दगड न सोडणारे ते जीव ताठ पायांवर, काठ्या लावल्यासारखे लडखडत होते, मग उताणे पडत होते. बारित्साने परातभर गोळा केल्या आणि यांद्रेच्या जेवणाच्या मेजावर ओतल्या.

"खा, भावजी. मिरवणुकीचा प्रसाद."

"बाईचं डोकं फिरलंय," तो बायकोला म्हणाला. पण पुढ्यातलं ताट दूर सारलं.

त्याच आठवड्यात त्याने गुत्त्यात सांगितलं की वहिनीनेच ओढ्यात विष कालवलं, संताला खोटं पाडायला. गावाला ते ऐकायला सोयीचं होतं. गिरणीवर धान्य येईनासं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यातला दगड उचलला की नांग्या उगारून शेवंड अंगावर येऊ लागली. प्रत्येक नांगीवर पांढरा ठिपका. गाव हरखलं. "रोकबाबाने परत दिल्या बघा," यांद्रे बारित्साला ऐकू जाईल असं म्हणाला, आणि बुवांनी वेदीवरून त्यासाठी आभारही मानले.

बारित्सा तेव्हा शेवटच्या बाकावर होती. दोन्ही बाजूंची जागा रिकामी. दगडांखाली जे आता कोणीच उरले नव्हते, त्या जुन्या शेवंडींसाठी तिने हात जोडले.

तुम्ही कधी संतापुढे मेणबत्ती लावाल, तेव्हा त्या उजेडात या बाईचंही नाव घ्या. बारित्सा. एवढं मनात ठेवा.