काट्याच्या तीन रेघा

"आजी, काय म्हणतोय काटा?" लुसेलीने विचारले.

मी तिच्या दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्यातली हवा सोडली. "काटा म्हणतोय, ही पोर फार बोलते."

ती हसली. माझी नात, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. आमच्या नदीकाठी गेली चाळीस वर्षे जन्मलेले बहुतेक प्रत्येक मूल माझ्या हातांत उतरले आहे. ही बढाई नव्हे. खांबांवर उभ्या असलेल्या या घरांपैकी कोणत्याही घरात विचारावे. पोटावर तळवा ठेवला की बाळाचे डोके कोठे, पाठ कोणत्या अंगाला, हे मला कळते. त्या दुपारीही कळले. डोके खाली, पाठ डावीकडे. हातांच्या मते भिण्यासारखे काहीच नव्हते.

काटा मात्र एकशे साठाच्या पुढे तीन रेघा थरथरत होता.

काटा वाचायला मी बाहत्तराव्या वर्षी शिकले. शिकवले माझ्याच मुलीने, ओल्फाने. ती आरोग्यकेंद्रात परिचारिका आहे. प्रत्येक बारीक रेघ दोनाची असते आणि मी ती एकाची धरून मोजत असे. तेव्हा ती म्हणाली होती, "आई, मी चुकले की तू बोटांवर काठी मारायचीस. आता मी मारू?"

रेघा मोजण्यात आजही चूक झाली असेल, असे मी स्वतःला समजावले. पण चूक झाली असली, तरी एकशे साठ होतेच.

मी पुन्हा पट्टा बांधला.

"परत कशाला?" लुसेली म्हणाली. "डोकं ठणकतंय माझं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

तीस वर्षांपूर्वी डेल्फिना नावाच्या बाईनेही हेच काजवे सांगितले होते. तेव्हाही हातांनी सर्व ठीक सांगितले होते. मी तिला काढा पाजला. घटकाभराने तिला आकडी आली आणि दोन जीव माझ्या मांडीवर गेले. लोक म्हणाले, देवाची इच्छा. मीही तेच म्हणत आले.

बाहेर ओहोटी लागली होती. पाणी उतरले की नदीच्या मुखाशी गाळ वर येतो आणि पहाटेपर्यंत होडी निघत नाही. मी दारात जाऊन, त्या दिवशी घरीच असलेल्या ओल्फाला हाक मारली.

"किती आहे?" तिने हळूच विचारले.

"एकशे सहासष्ट."

"केव्हापासून?"

खोटे बोलणे मला जमले असते. "मघापासून. मी लपवलं."

ती सरळ होडीकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. तिने नावाडी एव्हेलिओला उठवले. लुसेलीला आम्ही चादरीत धरून खाली उतरवले.

"आजी, तूच करणार होतीस ना? तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडते आहे. रडू नकोस, डोकं आणखी ठणकेल."

मी होडीत पाय टाकला, तसा एव्हेलिओ म्हणाला, "मोठी आई, तुम्ही नका. पाणी गुडघाभर राहिलंय. एक माणूस जास्त झालं तर रुतू."

या नदीवर आजवर मला कोणी होडीतून उतरवले नव्हते. मी उतरले. नाळेच्या जखमेवर लावण्याची पूड ओल्फाच्या हाती दिली. मूल मुंगीसारखे कष्टाळू व्हावे म्हणून, आमच्या रीतीप्रमाणे, मी ती मुंग्या वाटून केली होती.

"शहरातल्या इस्पितळात लावू देणार नाहीत, आई."

"ठाऊक आहे. जवळ ठेव."

दोनदा होडी तळाला घासली. एव्हेलिओने बांबू रेटला, आणि ती वळणाआड गेली.

संध्याकाळी शेजारीण एर्मेलिंदा केळीच्या मळ्यातून परतली. मला पायऱ्यांवर बसलेली पाहून तिने नेहमीप्रमाणे लांबूनच हाळी दिली, "मोठी आई, काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

मी थट्टा करते आहे असे वाटून ती हसली. जवळ आली, माझ्याकडे पाहिले, आणि डोक्यावरचा केळीचा घड न उतरवताच उभी राहिली. समोर नदी पार आटली होती. होडीने कापलेला लांब चर चिखलात उघडा पडला होता आणि त्याच्यावरून लहान लहान खेकडे इकडून तिकडे जात होते.